मागच्या भिंतीवरची पाटी

आमच्या कॉलनीच्या मागच्या भिंतीवर एक पाटी होती. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं: यह आम रास्ता नहीं है. अक्षरं टपोरी, सारख्या अंतरावर, रेघेला धरून होती. नवीन राहायला आलेले लोक कौतुकाने विचारायचे, कोणत्या पेंटरकडून करून घेतली म्हणून. मी सांगायचो, मीच लिहिली. आणि थोडा खूशही व्हायचो. ते खूश होणंही या लिहिण्यात आलं पाहिजे.

मी सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढतो. आता सगळं संगणकावर असतं, पण माझी सुरुवात बोरूच्या अक्षरांनी आणि ट्रेसिंग कागदाने झाली. वडील गोंदियाकडच्या एका खेड्यातून रेल्वेत लागले आणि रायपूरला आले. माझं लहानपण रेल्वेच्या क्वार्टरमध्ये गेलं. ते निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं आणि आम्ही समता कॉलनीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या. वडिलांना त्या खोल्यांत करमलं नाही. स्वतःच्या जमिनीवर झाड लावायचं, एवढंच ते म्हणत. झाड कुठलं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

राज्य नुकतंच वेगळं झालं होतं. रायपूर एकदम राजधानी झालं, पण आपण राजधानी आहोत हे शहराला अजून नीट समजलेलं नव्हतं. तेव्हा कर्मचाऱ्यांच्या एका गृहनिर्माण सोसायटीने शहराबाहेर धानाची शेतं घेतली आणि प्लॉट पाडले. आम्हाला एक मिळाला. पहिल्यांदा जागा बघायला गेलो, तेव्हा वडील, मी आणि माझी नवी नवरी असे तिघं एका धुऱ्यावर उभे होतो. शेताच्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात, इथे मेड. कापणी झालेली होती. पायाखाली धानाचे खुंट आणि जागोजागी चुन्याने रंगवलेल्या खुंट्या. वडील म्हणाले, "हे आपलं." बायको म्हणाली, "बाबा, कोणतं?" कारण सगळ्याच खुंट्या सारख्या होत्या.

आमच्या प्लॉटच्या एका बाजूला जुनं गाव होतं, दुसऱ्या बाजूला त्या गावाचा तलाव. इथे तलावाला तरिया म्हणतात. मधे आम्ही. गावातून तरियाकडे जाणारी वाट आमच्या शेतांतून, म्हणजे आता आमच्या प्लॉटांमधून, जात होती. गुरं त्याच वाटेने पाण्यावर जात, बायका त्याच वाटेने धुणं घेऊन जात. बैलगाडीच्या चाकोऱ्या तिच्यात इतक्या खोल होत्या, की पावसाळ्यात त्यांत मासोळ्या सापडायच्या.

पहिल्या वर्षी सहा घरं उभी राहिली. सोसायटीने बोअर मारली, तिच्यातून नुसता दगडाचा भुगा आला. दुसरी मारली, तिच्यातून थोडं पाणी आणि बराच आवाज आला. म्हणून आम्ही सहाही घरं पाण्यासाठी गावाकडे वळलो. वाटेवरचं गावातलं पहिलं घर मातीचं, पांढऱ्या छुई मातीने सारवलेलं. अंगणात हातपंप. तिथे एक बाई कोंबड्यांना कोंडा टाकत होती. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. मी गुंड, म्हणजे पाण्याची कळशी, हातात घेऊन कुंपणाबाहेर उभा राहिलो.

मी आत का गेलो नाही, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांना त्यांच्या गावच्या विहिरीवर चढता येत नसे. वरून कोणी ओतलं, तर खाली ओंजळ धरायची. मी रेल्वे कॉलनीत वाढलो, मला असं कोणी कधी ओंजळ धरायला लावलं नाही. पण परक्या अंगणाबाहेर पाय आपोआप थांबतात. कोणी शिकवलेलं नसतं तरी.

ती बाई म्हणाली, "भीतर आ ना बाबू. पंप बाहिर नइ आवय." आत ये, पंप काही बाहेर येणार नाही. मी आत गेलो आणि दांडा हळूहळू हलवू लागलो. तिने बघितलं आणि म्हणाली, "जोर से मार. पंप हे, लइका नोहे." जोरात मार, पंप आहे, लेकरू नाही.

ती माझी दीदी झाली. आणि इकडच्या रीतीप्रमाणे तिचा नवरा आपोआप माझा भांटो झाला. बहिणीच्या नवऱ्याला इथे भांटो म्हणतात, आणि भांटोने मेहुण्याची थट्टा करायची असते. त्याने ती अगदी मनापासून केली. मला पोहता येत नाही हे कळल्यावर तर त्याला वर्षभराचा विषय मिळाला. त्या उन्हाळ्यात आंघोळीपुरतंही पाणी घरी नसायचं, म्हणून तो मला रोज सकाळी तरियावर नेई. पोटाखाली हात धरून म्हणायचा, "हाथ-गोड़ मार, सारा. नक्सा झन बना." हातपाय मार, मेहुण्या, पाण्यात नकाशे काढू नकोस. पंधरा दिवसांनी त्याने हात काढून घेतला आणि मला सांगितलंच नाही. मी बराच लांब गेल्यावर मागून त्याचं हसणं ऐकू आलं.

असे तीन उन्हाळे गेले. माझ्या बायकोने डोक्यावर चुंबळ ठेवून त्या वाटेवरून किती गुंड आणले असतील, याची मोजदाद नाही. थोरलीच्या वेळी ती आठ महिन्यांची गरोदर होती, तेव्हा दीदी स्वतः पाणी आणून द्यायची. पैसे विचारले तर रागवायची. दर नव्या धानाला तिच्याकडून तांदळाच्या पिठाचे अइरसे यायचे, आमच्याकडून दिवाळीची शेव जायची. "तुमच्या शेवीत तिखट लय," असं ती तिच्या बोलीत सांगायची आणि सगळी संपवायची.

मग कॉलनी वाढली. मोठी टाकी झाली, नळ आले. डांबरी रस्ता आला, मग काँक्रीटचा. राजधानीच्या नव्या कार्यालयांत बदली होऊन आलेले लोक आले, दवाखाना चालवणारे डॉक्टर आले, भिलाईहून निवृत्त झालेले आले. बागेत घसरगुंडी लागली. वडिलांनी कडुनिंब लावला. मला वाटायचं ते आंबा लावतील. माझी नोकरी नवा रायपूरला हलली, मी गाडी घेतली. सहा घरांची दोनशे घरं कधी झाली, ते खरंच कळलं नाही.

आणि गाव? ते होतं तिथेच होतं, पण आम्ही त्याला आता 'बस्ती' म्हणायला लागलो होतो. हा शब्द कोणी आणला माहीत नाही. मी वापरला, एवढं मला माहीत आहे.

तक्रारी सुरू झाल्या. गुरं बागेतली फुलं खातात. वाटेवर शेण पडतं. कोणाची तरी सायकल गेली. सोसायटीच्या सभेत ठरलं, मागच्या बाजूने भिंत घालायची. मी तेव्हा सोसायटीचा सचिव होतो. भिंतीच्या परवानगीसाठी कॉलनीचा नकाशा जोडायचा होता, आणि तो काढण्याचं काम साहजिकच माझ्याकडे आलं.

आमच्या धंद्यात पायवाट तुटक रेघेने दाखवतात. दोन मिनिटांचं काम. मी टेबलावर बसलो, रस्ते काढले, बाग काढली, टाकी काढली, तरिया काढला. ती तुटक रेघ काढली नाही. कोणी मला काढू नको म्हटलं नव्हतं. सभेत त्या वाटेचा विषयच निघाला नव्हता. मला फक्त एवढं ठाऊक होतं, की रेघ काढली तर प्रश्न येतील आणि नाही काढली तर येणार नाहीत.

भिंत झाली. तिच्यावर पाटी हवी होती. पेंटरला कशाला बोलवायचं, मी म्हणालो. रविवारी दुपारी भिंतीच्या पलीकडच्या बाजूला, म्हणजे गावाच्या बाजूला, स्टूल टाकून बसलो आणि पत्र्यावर अक्षरं रंगवू लागलो. वाट जिथे भिंतीला येऊन भिडत होती, नेमकी तिथेच पाटी लावायची होती.

दीदी गवताचा भारा घेऊन तिथे आली. भारा भिंतीला टेकवून उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं. बराच वेळ माझा हात बघत होती. मग म्हणाली, "अड़बड़ सुग्घर लिखथस बाबू." फार सुंदर लिहितोस. आणि मग तिने विचारलं, "काय लिखे हस?"

मी म्हणालो, "सोसायटी का नाम, दीदी."

ती "बने हे", छान आहे, म्हणाली आणि भारा उचलून निघून गेली. मी उरलेले दोन शब्द पूर्ण केले. 'नहीं' आणि 'है' यांच्यातलं अंतर थोडं कमी पडलं आहे. बाकी कोणाच्या ते लक्षात येत नाही.

त्यानंतर मी तिच्या अंगणात गेलो नाही असं नाही. मुख्य फाटकाने बाहेर पडून, मोठ्या रस्त्याने वळसा घालून जावं लागे. पायी जाणं सुटलं, गाडीने जाणं जरा विचित्र वाटायचं, आणि मग सणापुरतं झालं, मग सणालाही कोणाच्या तरी हाती शेव पाठवणं झालं. छेरछेऱ्याच्या सणाला नवं धान मागायला गावातली पोरंसोरं झोळ्या घेऊन घरोघर यायची, ती यायची थांबली. चौकीदार त्यांना फाटकावरच अडवायचा. तिचे अइरसे मात्र यायचे. दर वर्षी. कॉलनीत कामाला येणाऱ्या कोणा बाईच्या डब्यातून. मी ते खायचो.

आता अलीकडची गोष्ट. या हिवाळ्यातली.

गुरुवारी सकाळी मी ऑफिसला निघालो होतो. मोठ्या रस्त्याच्या वळणावर गाड्या थांबल्या होत्या. समोरून माणसांची एक रांग रस्ता ओलांडत होती. पुढे पुरुष, मागे बायका, एकामागे एक. सगळ्यांचे कपडे ओले. इकडे माणूस गेला की तिसऱ्या दिवशी आणि दहाव्या दिवशी सगळं गाव तरियावर जाऊन आंघोळ करतं आणि ओल्या कपड्यांनीच ओळीने परत येतं. त्याला नहावन म्हणतात. मी ते अनेकदा पाहिलं होतं, आमच्याच वाटेवर, भिंत नव्हती तेव्हा.

बायकांच्या ओळीत मला दीदी दिसली. दोघींनी तिला दोन्ही बाजूंनी धरलं होतं. ती उजवा पाय ओढत चालत होती. ओल्या लुगड्याचा पदर तोंडावर होता, पण चाल मी ओळखली. मग सगळ्यांच्या पुढे चालणारा तिचा मुलगा दिसला, भांटो कुठेच नव्हता, आणि कोण गेलं ते मला समजलं.

भांटो गेला होता. तीन दिवस झाले होते. भिंतीला लागून माझं घर, आणि मला ते गाडीच्या काचेतून कळलं.

मी उतरलो नाही. मागचा हॉर्न वाजवत होता. रांग संपली, मी गाडी पुढे घेतली आणि ऑफिसला गेलो. तिथे दिवसभर एका पुलाच्या नकाशावर काम केलं. काम बरोबर झालं, चूक सापडली नाही.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती चपला घालून निघाली, रिक्षा केली आणि गावात जाऊन आली. आल्यावर म्हणाली, "तुमाले विचारत होती. बाबू बने हे का, म्हणे. गुडघ्यानं बेजार आहे बिचारी. ओल्या लुगड्यात दोन किलोमीटर चालली, म्हंजे होईल नाही तर काय." मग म्हणाली, "पहिले तर हे लोक इथून गेले असते. पाच मिनिटांत."

तेव्हा मी तिला पाटीची गोष्ट सांगितली. दीदीने काय विचारलं होतं आणि मी काय उत्तर दिलं होतं. इतक्या वर्षांत सांगितली नव्हती. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "त्या दिवशी तुमी जेवले नव्हते. मले वाटलं, उनात बसून पित्त झालं. मी लिंबूपाणी करून देल्लं होतं."

धाकटी मुलगी आतून ऐकत होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. म्हणाली, "पापा, दसवें दिन फिर जाएँगे ना वो लोग? तो तब तक खुलवा दो. आप ही ने बंद किया था."

दहावा दिवस पुढच्या गुरुवारी होता. मधे एक रविवार. मी अध्यक्षांना भेटलो आणि सभा बोलवायला लावली.

अध्यक्ष रेल्वेतून निवृत्त झालेले, आमच्याकडचेच. बागेतल्या सिमेंटच्या छत्रीखाली वीसेक माणसं जमली. मी म्हणालो, गुरुवारच्या आधी मागच्या भिंतीत दरवाजा पाडावा, जुन्या वाटेच्या जागी.

"काहून?" अध्यक्ष म्हणाले. मी कारण सांगितलं.

"भाऊ, वाईट वाटते, नाही असं नाही. पण एकदा उघडलं का रोज गाई येतील."

सुरुवातीच्या सहा घरांतल्या एक काकू तिथे होत्या. त्या म्हणाल्या, "गाई आताही येतात. मेन गेटनं येतात, चौकीदाराले नमस्कार करून."

लोक हसले. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ नियमाचे पक्के आहेत. त्यांनी फाइल आणली होती. "देखिए, भावना की बात अलग है," ते म्हणाले. "पास हुआ नक्शा ये रहा. इसमें रास्ता है ही नहीं. नक्शे में रास्ता दिखा दीजिए, मैं सबसे पहले हाथ उठाऊँगा."

त्यांनी नकाशा माझ्यापुढे धरला. खालच्या कोपऱ्यात माझी सही होती.

मी म्हणालो, "नकाशात नाही, कारण मी काढली नाही."

"मतलब?"

"मतलब वाट होती. मी नकाशा काढला, तेव्हाही होती. मीच तिच्यावरून चालत होतो. मुद्दाम काढली नाही."

 पोरं घसरगुंडीवर ओरडत होती. मग अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले, "हे आता काहून सांगून राहिले तुमी? इतके वर्ष झाले."

  माणूस मेला म्हणून, एवढंच कारण होतं.

त्या काकूच बोलल्या. "त्यायले काय विचारता. आपल्यालेही माहीत होतं का नाही? त्याच वाटेनं पाणी आणलं ना आपण. माह्या डोक्यावर चुंबळीची जागा अजून आहे, केस येत नाही तिथं. भित घातली तेव्हा मीही हात वर केला होता. मले वाटलं, चला, गाई बंद होतील." त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. "नळ आले ना घरात. मंग कोणाले आठवते."

बँकेचे गृहस्थ नकाशाकडे बघत होते. चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "ड्राफ्ट्समन कह रहा है कि नक्शा गलत है, तो गलत है," आणि त्यांनी हात वर केला.

सगळ्यांनी केला असं नाही. पण पुरेसे झाले. गुरुवारपुरती भिंत फोडायची, नंतर लोखंडी दार बसवायचं आणि कुलूप लावायचं, किल्ली माझ्याकडे राहील, असं ठरलं.

त्याच दिवशी दुपारी मी दीदीकडे गेलो. पायी, मोठ्या रस्त्याने. मुद्दाम. किती लांब आहे ते मला पायांनी बघायचं होतं.

ती अंगणात, पंपाजवळ खाटेवर बसली होती. पंप कधीच बंद पडला होता, त्याच्या दांड्यावर कोणी टॉवेल वाळत घातला होता. मी खाली बसलो. भांटोबद्दल ती थोडं बोलली. शेवटचे दोन महिने तो आजारी होता, आणि आजारातही त्याची थट्टा थांबली नव्हती. डॉक्टरला म्हणाला होता, माझा मेहुणा नकाशे काढतो, त्याच्याकडून माझ्या पोटाचा काढून घ्या.

मी तिला सांगितलं, की गुरुवारी वाट उघडी असेल. मग सांगितलं, की ती मी बंद केली होती. मग सांगितलं, की पाटीवर सोसायटीचं नाव नव्हतं.

ती म्हणाली, "जानत हंव."

"कधीपासून?"

त्याच संध्याकाळपासून, ती म्हणाली. तिची नात तेव्हा शाळेत जायला लागली होती, तिने अक्षरं जुळवून वाचून दाखवलं होतं.

"तर मग बोललीस का नाहीस, दीदी? इतक्या वर्षांत?"

ती माझ्याकडे बघत होती. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. "तोला लाज लागतिस," ती म्हणाली. तुला लाज वाटली असती. "तेकर सेती नइ कहेंव." म्हणून बोलले नाही.

मी पंपाच्या दांड्यावरचा टॉवेल काढून त्याची घडी केली. 

मग तिनेच विषय बदलला. "बिरस्पत के आबे. नहाय बर." गुरुवारी आंघोळीला ये.

मी गोंधळलो. तिच्या सासूच्या वेळी मी आलो होतोच की. पांढरा शर्ट घालून, फळं घेऊन, घरी बसून गेलो होतो. कॉलनीतल्या आम्हा सगळ्यांची तीच रीत होती. गावात कोणी गेलं, की जाऊन घटकाभर बसायचं. तसं मी तिला म्हणालो.

"हव, आए रेहे," हो, आला होतास, ती म्हणाली, आणि त्या दिवसात पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर हसण्यासारखं काही आलं. "कुरसी मं बइठे रेहे." खुर्चीवर बसला होतास.

तेव्हा मला कळलं. गावाच्या हिशेबी आम्ही कधी आलोच नव्हतो. घरी येऊन बसणारा पाहुणा. जो तरियावर येतो, गेलेल्याच्या नावाने ओंजळीने पाणी देतो आणि ओळीत परत येतो, तो आपला. इतक्या वर्षांत त्या घरांत किती मरणं झाली, आणि प्रत्येक वेळी आम्ही आपलं कर्तव्य झालं असं समजून खुर्चीवरून उठून आलो होतो.

मी तिला खरं ते सांगितलं. "दीदी, आमच्यात पाणी देत नाहीत. आम्ही हे विधी सोडलेत." ते खरं आहे. वडिलांच्या वेळीही आम्ही केले नव्हते. ते मला मोडायचं नव्हतं, आणि तिच्याशी आणखी एकदा खोटंही बोलायचं नव्हतं.

 "त झन दे," ती म्हणाली. नको देऊस. "नहा तो सकबे? तोर भांटो तउरे बर सिखाए रिहिस. बूड़बे नइ." आंघोळ तर करू शकशील? तुझ्या भांटोने पोहायला शिकवलंय, बुडणार नाहीस.

बुधवारी मिस्त्री आला. भिंत फोडताना मी तिथे उभा होतो. आधी पाटी काढावी लागली, कारण ती नेमकी वाटेवर होती. चार स्क्रू गंजलेले होते, एक तुटला. विटांचा राडारोडा बाजूला केला, तेव्हा खाली ती वाट दिसली. गवत माजलं होतं, पण चाकोऱ्या होत्या तशाच होत्या.

गुरुवारी सकाळी थंडी होती. तरियावर धूर उठल्यासारखं धुकं होतं. ओळ आली. पुढे पुरुष, त्यांत मी मधेच शिरलो, कोणी सरकून जागा दिली. मागून बायका. दीदीने भिंतीच्या फोडलेल्या कडेवर हात टेकला, पाय उचलून आत टाकला आणि चालू लागली. कॉलनीच्या गच्च्यांवर लोक चहाचे कप घेऊन उभे होते. माझी बायको फुटलेल्या भिंतीपाशी उभी होती. बायकांची ओळ आली तेव्हा तीही ओळीत शिरली. हे आमचं आधी ठरलं नव्हतं.

पाणी फार गार होतं. माझ्या बाजूचे लोक ओंजळी भरून पाणी सोडत होते. मी सोडलं नाही. मी डोक्यापर्यंत पाण्यात गेलो, आणि खाली असताना मला पोटाखाली तो हात आठवला, जो त्याने न सांगता काढून घेतला होता. वर आलो तेव्हा शेजारच्याने काही न विचारता आपला गमछा पुढे केला. मी नको म्हणालो. ओल्यानेच परत जायचं असतं.

परत येताना, माझ्याच कॉलनीतून, माझ्याच रस्त्यावरून, मी ओल्या कपड्यांत, अनवाणी, बत्तीस-तेहतीस माणसांच्या ओळीत चालत होतो. बँकेचे गृहस्थ आपल्या घराच्या फाटकाशी चहा घेत उभे होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि हात जोडले.

आता तिथे लोखंडी दार आहे. नकाशाची दुरुस्त प्रत मी सोसायटीच्या फाइलला लावली आहे, तिच्यात तुटक रेघ आहे. पाटी माझ्या घरी, माळ्यावर आहे. टाकून द्यावी असं बायको म्हणते. मी अजून ठेवली आहे. दीदीचा गुडघा काही बरा नाही, पण सकाळी उन्हं आली की ती त्या दारातून येते, आमच्या कडुनिंबाखाली बसते, आणि माझ्या बायकोच्या चहाला नावं ठेवते.

कुलूप मात्र आणायचं राहिलं आहे. सभेत ठरलं होतं ना, दार लावायचं आणि किल्ली माझ्याकडे ठेवायची. अध्यक्षांनी मला कुलूप आणायला सांगितलं. मी दर रविवारी गोल बाजारात जातो, भाजी घेतो, काही भांडं-बिंडं लागलं तर घेतो. कुलपांच्या दुकानासमोरूनच जावं लागतं.

"भाऊ, कुलूप आणलं का?" परवा अध्यक्षांनी पुन्हा विचारलं.

"विसरलो," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "बरं बरं," ते म्हणाले. "विसरून राहा."